शेजाऱ्यांची ओळख व नवीं ज्ञानसाधनें

गेल्या वर्षीं पावसाळ्यांत आमच्या नववीच्या वर्गांत एक लहानशी गोष्ट घडली. मराठीच्या तासाला शुद्ध भाषेचा विषय निघाला असतां एक विद्यार्थी आपल्या मुसलमान सोबत्यास म्हणाला, "तुमच्या शब्दांनीं आमची भाषा बिघडविली." कांहीं मुलें हंसलीं. तेवढ्यांत घंटा झाली आणि आम्ही पुस्तक मिटून दुसऱ्या वर्गावर गेलों. उत्तर देण्याचें राहून गेलें. दुसऱ्या दिवशीं हजेरी घेतांना त्या सोबत्याचें नांव पुकारलें, तेव्हां रोजच्याप्रमाणें "हजर" न म्हणतां तो मान खालीं घालून "उपस्थित" असें म्हणाला. आमच्या हातांतील लेखणी क्षणभर थांबली. हजेरी घेण्यांत आमचीं इतकीं वर्षें गेलीं. परंतु तिच्यांतील एका शब्दांत एवढें दुःख मावूं शकतें, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

पहिल्या विद्यार्थ्यास तें वाक्य सुचलें कोठून, ह्याची विचारपूस करितां तें मोबाईलवर फिरत आलेल्या एका संदेशांतलें निघालें. मुलगा वाईट नव्हता. त्यानें वाचलें तें खरें मानलें, इतकेंच. नवल असें कीं, ज्या यंत्रानें तें वाक्य त्याच्या हातीं दिलें, त्याच यंत्रांत त्याचें उत्तरही होतें. भेद एवढाच कीं, संदेश आपण होऊन दारीं येतो आणि ज्ञानाकडे आपणांस चालत जावें लागतें. ही वाट विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस दाखवावी, म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहों. आशियांतील निरनिराळ्या लोकांची, विशेषतः इस्लामी जगताची, भाषा, ग्रंथ व कला ह्यांचा अभ्यास करण्याचीं कोणतीं साधनें आज विनामूल्य मिळतात, तीं कशीं चालतात आणि त्यांजपासून कोठें सावध राहावें, हें येथें क्रमानें सांगूं.

परक्या मानलेल्या संस्कृतीची मनापासून ओळख करून घेणें ही गोष्ट आपल्या परिसरास नवी नाहीं. सिंदी मेघेहून थोड्याच अंतरावर धाम नदीच्या कांठीं पवनार आहे. तेथें राहिलेले विनोबा भावे अरबी शिकले आणि त्यांनीं कुराण मुळांतून वाचिलें. पुढें त्यांनीं कुराणाचें सार संकलित केलें, धम्मपदाची नवी मांडणी केली आणि ख्रिस्तधर्माचेंही सार निवडलें. १९३३ सालीं जपानचे भिक्षु निचिदात्सु फूजी गांधीजींस भेटण्यास वर्ध्यास आले. त्यांच्या प्रेरणेनें उभा राहिलेला विश्वशांतिस्तूप १९९३ पासून वर्ध्यांत आहे. विनोबांस अरबी शिकतांना ग्रंथ व जाणकार मोठ्या प्रयासानें मिळवावे लागले असतील. आज तुमच्या खिशांतील यंत्रांत अरबी, फार्शी, पाली व चिनी ग्रंथांचीं पानें उघडतात. साधन सोपें झालें आहे. विनोबांची चिकाटी मात्र ज्याची त्यानेंच आणावयाची आहे.

आतां आमच्या वर्गाकडे वळूं. त्या हजेरीनंतर आम्हीं प्रथम जें साधन उघडलें तें कोशांचें होय. अमेरिकेंतील शिकागो विद्यापीठानें दक्षिण आशियांतील भाषांचे अनेक जुने कोश संगणकावर उतरवून सर्वांस खुले केले आहेत. त्यांत मोल्सवर्थ ह्यांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश आहे. मोल्सवर्थ हे मूळचे सैन्यांतील अधिकारी. जॉर्ज व थॉमस कँडी ह्या बंधूंच्या साह्यानें त्यांनीं रचिलेल्या कोशाची पहिली आवृत्ति १८३१ सालीं व वाढविलेली दुसरी १८५७ सालीं मुंबईंत छापिली गेली. दुसऱ्या आवृत्तींत सुमारें साठ हजार शब्द आहेत. कोशाची एक सोय फार उपयोगाची आहे : परभाषेंतून आलेल्या शब्दापुढें बहुधा त्या भाषेचें इंग्रजी आद्याक्षर दिलेलें असतें. संस्कृतास एक अक्षर, अरबीस दुसरें, फार्शीस तिसरें. चौकटींत देवनागरींत शब्द लिहावा कीं लागलीच नोंद पुढें येते. केवळ मुख्य शब्दच नव्हे, तर अर्थाच्या मजकुरांत आलेला शब्दही शोधतां येतो. छापील कोशांत हें करावयाचें तर एखाद्याचें आयुष्य पुरणार नाहीं. ह्याच ठिकाणीं दाते-कर्वे ह्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, प्लॅट्स ह्यांचा १८८४ चा उर्दू कोश आणि स्टाइनगास ह्यांचा १८९२ चा फार्शी कोशही आहे. मराठी शब्दाचें मूळ एका कोशांत पाहावें आणि दुसऱ्यांत पडताळावें, अशी ही उत्तम जोडी आहे.

आम्हीं वर्गांतील मुलांचे पांच गट केले व प्रत्येकास शाळेच्या नित्य व्यवहारांतील शब्द वांटून दिले. दोन तासांत फळ्यावर जी यादी झाली ती अशी : शाळा, वर्ग, विद्यार्थी हे संस्कृतांतून आले. हजर, रजा, तारीख, इमारत, दौत हे अरबींतून. कागद, शाई, दरवाजा, परवानगी हे फार्शींतून. बसावयाचा बांक, कुलपाची चावी आणि शिक्षकांचा पगार हे तिन्ही पोर्तुगीजांकडून. शिक्षकांच्या खोलींत मधल्या सुट्टींत जो चहा होतो, त्याच्या नांवाचें मूळ तर थेट चीन देशांत. "गैरहजर" म्हणजे पुरा अरबी, तेव्हां शाळा चुकविणाऱ्यासही अरबीवांचून गति नाहीं, असें एका मुलानें म्हटलें व सर्व वर्ग हंसला. ह्या वेळचें हंसणें निराळें होतें. त्यांत कोणी एकटा पडला नव्हता. इतकी मंडळी जिच्या घरीं येऊन राहिली, ती भाषा बिघडली कीं संपन्न झाली, हा प्रश्न आम्हीं फळ्यावर लिहिला आणि उत्तराची जागा मोकळी ठेविली.

कोणी म्हणेल, भाषा शुद्ध ठेवावी असें वाटणें हा काय गुन्हा आहे ? मुळींच नाहीं. शिवाजी महाराजांनीं राज्यकारभारांतील फार्शी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश रघुनाथ पंडितांकडून करविला, हें प्रसिद्धच आहे. माधव जूलियन म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन ह्यांनीं १९३८ सालीं भाषाशुद्धीच्या बाजूनें ग्रंथ लिहिला. परंतु हेच पटवर्धन फार्शीचे प्राध्यापक होते, आणि १९२५ सालीं फार्शी-मराठी कोश त्यांनींच सिद्ध केला. म्हणजे शब्द निवडण्याचा अधिकार त्यांनीं आधीं शब्द जाणून मिळविला. आमचा विरोध निवडीस नाहीं. न जाणतां दुसऱ्याचा अपमान करण्यास आहे. शिवाय ही देवघेव एकतर्फी नव्हती. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद ह्यांनीं योगसंग्राम हा ग्रंथ मराठींतच रचिला. इंग्लंडांत जन्मलेले फादर स्टीफन्स ह्यांनीं गोमंतकांत ख्रिस्तपुराण लिहिलें, त्याच्या सुमारें अकरा हजार ओव्या मराठी आहेत. तें १६१६ सालीं प्रथम छापिलें गेलें. मंगळूर येथें १९०७ सालीं निघालेली त्याची आवृत्ति आज कोणासही इंटरनेटवर पाहतां येते. त्या सोबत्याचे पूर्वज, आमचे धर्मबंधु आणि बाकीचे सर्व एकाच भाषेच्या अंगणांत वाढले, ह्यास एवढे पुरावे पुष्कळ आहेत.

ह्या ठिकाणीं यंत्राची थोडी रीत सांगणें अवश्य आहे, नाहीं तर विद्यार्थी निराश होतात. इंटरनेटवरील पुस्तक दोन प्रकारचें असतें. एक प्रकार म्हणजे पानाचें केवळ छायाचित्र. माणसाच्या डोळ्यांस तें वाचतां येतें, पण यंत्राच्या दृष्टीनें तें पान म्हणजे काळे-पांढरे ठिपके. त्यांत शब्द शोधला तर सांपडत नाहीं. दुसरा प्रकार म्हणजे ज्यांतील प्रत्येक अक्षर यंत्रास अक्षर म्हणून कळतें. ह्यासाठीं जगांतील लिपींच्या प्रत्येक अक्षरास एकेक ठराविक अंक दिलेला आहे. ह्या व्यवस्थेस युनिकोड म्हणतात. तींत देवनागरी आरंभापासून, म्हणजे १९९१ पासून आहे. आपली मोडी लिपि मात्र २०१४ सालीं आली. छायाचित्रावरून अक्षरें ओळखणारीं यंत्रेंही आहेत, परंतु तीं चुकतात. उर्दूच्या वळणदार नस्तालिक लिपींत अक्षरें एकमेकांस जोडून तिरपीं उतरतात, म्हणून तेथें चुका अधिक. ह्यावरून दोन नियम निघतात. पहिला : शब्द सांपडला नाहीं म्हणजे तो पुस्तकांत नाहींच, असें समजूं नये. दुसरा : एकच शब्द निरनिराळ्या तऱ्हेनें लिहून पाहावा. कुराण, कुरान, कुरआन ह्या तिन्ही शब्दांनीं तीन निराळीं फळें हातीं लागतात.

आतां आपल्याच जिल्ह्याचें एक उदाहरण घेऊं. समुद्रपूर तालुक्यांतील गिरड येथील टेंकडीवर शेख फरीद ह्यांचा दर्गा आहे. तेथें हिंदू व मुसलमान दोघेही जातात. टेंकडीवर सुपारी-जायफळांसारखे गोल खडे सांपडतात. फिरत्या व्यापाऱ्यांनीं साधूची थट्टा केली, म्हणून त्यांचा सर्व माल दगड झाला, अशी त्यांविषयीं दंतकथा आहे. इंटरनेट आर्काइव्ह म्हणून १९९६ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेलें एक विशाल विनामूल्य ग्रंथालय आहे. त्यांत चार्ल्स ग्रांट ह्यांनीं १८७० सालीं संपादिलेलें मध्यप्रांताचें गॅझेटियर उघडावें, म्हणजे दीडशें वर्षांपूर्वीं गिरडविषयीं काय सांगितलें जात होतें हें समजतें. रसेल ह्यांचें १९०६ चें वर्धा जिल्ह्याचें गॅझेटियरही त्याच्याशीं ताडून पाहण्याजोगें आहे. मग भूगर्भशास्त्राचें पुस्तक पाहावें. ज्वालामुखीच्या थंड होणाऱ्या रसांत वायूच्या पोकळ्या राहतात, त्यांत पुढें झिओलाइट जातीचीं खनिजें भरतात, आणि भोंवतालचा खडक झिजला कीं तीं गोट्यांसारखीं सुटी होतात, असें शास्त्र सांगतें. दंतकथा, सरकारी नोंद व शास्त्र हे तीन साक्षीदार झाले. दंतकथेवरून खनिज कळत नाहीं. पण गांवानें त्या साधूस कसें मानलें हें केवळ तीच सांगते. गॅझेटियर राज्यकर्त्यांनीं आपल्या सोयीसाठीं लिहिलें, हेंही ध्यानांत धरावें. कोणता साक्षीदार कशाविषयीं बोलण्यास लायक आहे, हें ओळखणें हेंच अभ्यासाचें मर्म होय.

ज्यांस इस्लामी जगताचा अधिक अभ्यास करावयाचा आहे, त्यांच्यासाठीं आणखी कांहीं ठिकाणें सांगतों. कतार देशाचें राष्ट्रीय ग्रंथालय व लंडनचें ब्रिटिश ग्रंथालय ह्यांच्या सहकार्यानें २०१४ सालीं कतार डिजिटल लायब्ररी खुली झाली. तींत इराणी आखातासंबंधींचीं जुनीं सरकारी दप्तरें व अरबी शास्त्रग्रंथांचीं हस्तलिखितें आहेत. ज्योतिष, वैद्यक, यंत्रविद्या ह्यांच्या त्या सुंदर आकृति भाषा न कळतांही पाहाव्या. मशिदी, मकबरे, किल्ले व बागा ह्यांचे नकाशे व छायाचित्रें पाहावयाचीं असल्यास आर्कनेट हें संकेतस्थळ आहे. तें आगाखान न्यास व अमेरिकेंतील एम. आय. टी. ह्या संस्थांनीं उभारलें. उर्दू काव्यासाठीं रेख्ता आहे. तेथें एकच कविता उर्दू, देवनागरी व रोमन अशा तिन्ही लिपींत वाचतां येते आणि कठीण शब्दावर बोट ठेवितांच अर्थ उघडतो.

हे ग्रंथ पाहतां पाहतां आपलीच वस्तु आपणांस पुन्हां भेटते. पंचतंत्रांतील कथा सहाव्या शतकांत इराणच्या पहलवी भाषेंत गेल्या आणि आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फा ह्यांनीं त्या अरबींत आणिल्या. करटक व दमनक हे दोन कोल्हे तेथें कलीला व दिम्ना झाले. त्यांचीं रंगीत चित्रें असलेलें अरबी हस्तलिखित पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका ह्या संकेतस्थळावर पाहतां येतें. भारतीय अंकांची रीत नवव्या शतकांत बगदादच्या अल्-ख्वारिज्मी ह्यांनीं अरबींत विवरण केली. त्यांच्या ग्रंथाच्या नांवांतील "अल्-जब्र" ह्या शब्दावरून बीजगणिताचें इंग्रजी नांव पडलें. ख्वारिज्मी ह्या नांवाच्या लॅटिन उच्चारावरून अल्गोरिदम हा शब्द झाला. आणि तुमच्या मोबाईलवर कोणता संदेश आधीं दिसावा हें ठरविणाऱ्या गणनक्रमास आज हेंच नांव आहे. मुसलमानांस परके म्हणणारा संदेश ज्या गणनक्रमानें आमच्या विद्यार्थ्यापुढें आणिला, त्याचें नांवच एका मुसलमान गणित्यावरून पडलेलें आहे, हें कळल्यावर वर्गांत बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

इतर आशियाई संस्कृतींसाठींही अशीं साधनें आहेत, व त्यांपैकीं कांहीं महाराष्ट्रांतच घडलीं. नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरीच्या विपश्यना संशोधन संस्थेनें संपूर्ण पाली त्रिपिटक इंटरनेटवर ठेविलें आहे. १९५४ ते १९५६ ह्या काळांत रंगूनला भरलेल्या सहाव्या संगीतींतील हा पाठ आहे, आणि वाचक तो देवनागरी, सिंहली, ब्रह्मी इत्यादि आपल्या पसंतीच्या लिपींत वाचूं शकतो. चीनमधील दुनहुआंग येथील गुहांत सांपडलेल्या ग्रंथांसाठीं १९९४ पासून एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालू आहे. वज्रच्छेदिका ह्या बौद्ध सूत्राची ८६८ सालीं छापिलेली चिनी प्रत त्याच गुहांतील. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ ते १९६६ अशीं सत्तेचाळीस वर्षें खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ति तयार केली. तिचा पाठ संगणकावर प्रथम उतरविला तो क्योतोचे जपानी पंडित तोकुनागा ह्यांनीं. आपल्या महाभारतासाठीं एक जपानी मनुष्य इतके श्रम करितो, तर आपण शेजाऱ्याच्या ग्रंथाचें एक पान उघडण्यास काय हरकत आहे ?

मराठींतच वाचावयाचें असल्यास मराठी विश्वकोशापासून आरंभ करावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखालीं त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. आज वीसही खंड इंटरनेटवर विनामूल्य आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांचा ज्ञानकोशही तेथें आहे. त्यांतील माहिती शंभर वर्षांपूर्वींची आहे, हें मात्र विसरूं नये.

आतां सावधगिरीचे चार शब्द. कोणतीही माहिती स्वीकारण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे : हें कोणीं लिहिलें ? केव्हां लिहिलें ? कशाच्या आधारावर लिहिलें ? ज्या संदेशांत ह्यांपैकीं एकाचेंही उत्तर नाहीं, तो पुढें पाठवूं नये. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये, हा उपदेश आम्ही प्रार्थनेच्या वेळीं करितों. बोटाच्या एका स्पर्शानें पुढें पाठविलेला संदेशही साक्षच होय. भाषांतर करणारीं व प्रश्नांस उत्तरें देणारीं नवीं यंत्रें आतां घरोघरीं आलीं आहेत. त्यांचा उपयोग वाट विचारण्यापुरता करावा. तीं चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणें सांगतात. धर्मग्रंथाचा अर्थ तर अशा यंत्रावरून कधींही ठरवूं नये. तसेंच, जें इंटरनेटवर आहे तें कायमचें आहे, असेंही मानूं नये. ऑक्टोबर २०२३ मध्यें ब्रिटिश ग्रंथालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि तेथील सूचीसुद्धां कित्येक आठवडे बंद राहिली. छापील पुस्तकें त्या वेळींही फडताळांत सुखरूप होतीं. म्हणून गांवच्या वाचनालयाचा दरवाजा झिजविणें सोडूं नका.

पालकांस आमची एक विनंती आहे. मोबाईल हें संकट आहे असें म्हणून तो काढून घेणें सोपें आहे. पण मग मुलगा तो चोरून पाहतो, आणि चोरून पाहिलेल्यांत कोश नसतो. त्यापेक्षां आठवड्यांतून एक दिवस अर्धा तास घरांतील एकच मोबाईल मध्यें ठेवून सर्वांनीं मिळून एक शब्द, एक इमारत किंवा एक गांव शोधावें. आजोबांस जुने शब्द ठाऊक असतात, मुलांस यंत्र ठाऊक असतें. दोघांस एकमेकांची गरज लागेल असें हें काम आहे. आणि शेवटचें साधन विसरूं नये : स्वतः शेजारी. ईदला तो काय करितो, त्याची आजी कोणती गोष्ट सांगते, त्याच्या घरीं कोणता शब्द बोलतात, हें त्यास विचारल्यावांचून त्याच्या संस्कृतीचा अभ्यास पुरा होत नाहीं.

पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. त्या पहिल्या विद्यार्थ्यानें क्षमा मागितली कीं नाहीं, तें आम्हांस ठाऊक नाहीं; आम्हींही विचारलें नाहीं. परंतु शब्दांची वही त्या दोघांनीं मिळून चालविली आणि वर्षअखेर तींत तीनशें बारा शब्द झाले. आमची स्वतःची चूक मात्र आम्हीं वर्गापुढें कबूल केली कीं, घंटा झाली तरी त्या दिवशीं दोन मिनिटें थांबावयास हवें होतें. फळ्यावरील यादी पुसून दोन-तीन आठवडे लोटले असतील. एके सकाळीं हजेरी घेतांना त्या सोबत्याचें नांव आलें. आम्हीं नेहमीच्याच आवाजांत पुकारलें. मागच्या बांकावरून उत्तर आलें, "हजर." आम्हीं वर न पाहतां खूण केली आणि पुढचें नांव घेतलें.